खाणीवरचं टिंब

निवडणुकीला मी उभा राहिलो तो पाण्यासाठी आणि पडलो तो एका टिंबामुळे. उभं राहणं आणि पडणं या दोन्ही क्रिया मी आयुष्यात फारशा केलेल्या नाहीत. माझा धंदाच बसून करायचा होता. छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून समासात दाखवायच्या, हे काम मी नोकरीची सगळी वर्षं केलं. शाळेची पुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, निधनाच्या बातम्या. 'दुःखद'मधला विसर्ग मी इतक्यांदा घातला आहे की गावातल्या निम्म्या घरांच्या दुःखात माझा वाटा आहे. छापखाना बंद पडला, तेव्हा ज्या पत्राने मला घरी बसवलं त्यातल्या चुकाही मी लाल शाईने दुरुस्त करून मालकांना परत दिल्या. मालक म्हणाले, "आता राहू द्या हो." मी म्हटलं, "चूक ती चूक." असा माझा स्वभाव. तो आधी सांगितलेला बरा, म्हणजे पुढे जे झालं त्याची लाज तुम्हाला नीट कळेल.

आमचं घर म्हणजे एका भिंतीने जोडलेली दोन घरं. एकात मी आणि बायको, दुसऱ्यात माझी धाकटी बहीण आणि मेहुणे. मध्ये विहीर. वडिलांनी वाटणी करताना घर वाटलं, भांडी वाटली, पण विहीर वाटता येईना. शेवटी तिच्यावर लोखंडी तुळई टाकून त्यावर भिंत चढवली. अर्धी विहीर माझ्या अंगणात, अर्धी धाकटीच्या. दोघांचे रहाट वेगळे, पुढे मोटरीही वेगळ्या बसल्या, पाणी एकच. मला आणि धाकटीला एकमेकांशी बोलायला दार उघडावं लागत नाही. विहिरीत वाकून बोललं की शब्द पलीकडे निघतात, आणि घुमून इतके भारदस्त होतात की कुणी साखर मागितली तरी भाषण वाटतं. आमची सकाळ रोज अशी विहिरीतूनच सुरू व्हायची.

मेहुणे ओढ्यापलीकडच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवतात. खाण म्हणजे उघडा खड्डा, जमीन थराथराने सोलत खाली गेलेला. दुपारी सुरुंग उडाला की आमच्या कपाटातले कप एकमेकांशी बोलायला लागतात आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी संध्याकाळपर्यंत करड्या होतात. याची कुणी तक्रार करत नाही, कारण दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी त्या खड्ड्यात उतरतं. मीही केली नव्हती. पण मग आमची बादली अर्धी वर यायला लागली आणि त्या अर्धीतही खाली गाळ. दोर लांबवला, पुन्हा लांबवला. बायको विहिरीत डोकावून म्हणाली, "विहीर अगदी तुमच्यासारखी झालीय. आवाज मोठा, आत काही नाही."

मला एवढंच करायचं होतं की एक अर्ज द्यायचा. खाणीचा जुना खड्डा संपत आला होता आणि कंपनीला ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे आमच्या वस्तीच्या अंगावर, नवा खड्डा उघडायचा होता. त्यासाठी नगरपालिकेचा ना-हरकत दाखला लागणार होता. माझी हरकत होती. ती मी शुद्ध भाषेत, दोन बोटं समास सोडून लिहिली आणि पालिकेत नेली. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "पाणी जमिनीखालचं आहे ना? मग जमीनखातं." जमीनखात्याचे म्हणाले, "जमीन ठीक आहे, तक्रार पाण्याची दिसते." मी म्हटलं, "पाणी जमिनीत आहे." ते म्हणाले, "आहे म्हणता, मग तक्रार काय?" शेवटी एका सज्जन कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितलं की असले विषय सभागृहात नगरसेवकच मांडू शकतो, आणि आमच्या प्रभागाची निवडणूक तोंडावर आली आहे.

हे मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलं, ही पहिली चूक. माणसाच्या गळ्याशी वस्तरा असताना त्याने मत व्यक्त करू नये. न्हावी म्हणाला, "मग तुम्हीच उभे राहा." मी नकारार्थी मान हलवू शकत नव्हतो. शेजारच्या बाकावर निवृत्त स्टेशनमास्तर आपली पाळी यायची वाट बघत होते. त्यांनी माझं मौन ही संमती धरली आणि लगेच उठून प्रचाराचं वेळापत्रक आखायला घेतलं. दाढी होईपर्यंत मी अपक्ष उमेदवार झालो होतो. तोंड पुसून बाहेर आलो तर चांभाराने दुकानातूनच हात जोडले.

चिन्ह घ्यायला गेलो तो प्रसंगही ऐका. मला बादली हवी होती. निवडणूक अधिकारी म्हणाले, "बादली गेली."

"मग नळ द्या."

"नळ कंत्राटदारसाहेबांनी घेतला."

कंत्राटदारसाहेब म्हणजे माझे प्रतिस्पर्धी. खाणीला ट्रक पुरवणारे, नव्या खड्ड्यासाठी जीव टाकणारे. त्यांचं चिन्ह नळ! मी म्हटलं, "अहो, पाण्यासाठी मी उभा आहे." अधिकारी म्हणाले, "चिन्ह आणि विचार यांचा संबंध नसतो, तसा नियमच नाही." उरलं होतं रोडरोलर आणि कढई. कढईत निदान पाणी तरी राहतं, असा विचार करून मी कढई घेतली.  घरी आल्यावर बायकोने आमची कढई उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली.

आता धाकटीचं. मी उभा राहिलोय हे कळल्यावर तिने विहिरीतून "अरे वा" म्हटलं, पण तो "अरे वा" नेहमीसारखा घुमला नाही. मेहुणे भेटले तेव्हा हसले, म्हणाले, "दादा, निवडून आलात की आमच्या डंपरला तेवढं हॉर्न लावून द्या." मीही हसलो. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की नवा खड्डा उघडला नाही तर मेहुण्यांना घरी बसवतील. आणि उघडला तर विहीर बसेल. हे एकमेकांसमोर कोणीच म्हटलं नाही. आमच्या घरात अवघड गोष्टी अशाच टाळल्या जातात, म्हणून तर ती भिंत विहिरीवर बांधली गेली.

घोषणा मी स्वतः रचली. 'पाणी हवं तर खाण बंद!' छोटी, ठाशीव, उद्गारचिन्हासकट. न्हावी म्हणाला, "तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, छापील अक्षरं कशाला? तुमच्याच हातचं मोठं करून फ्लेक्सवर घेऊ. आपलेपणा वाटतो." मला ते पटलं. स्तुतीला मी नेहमीच लवकर पटतो. टेबलाशी बसून काळ्या पेनाने मी ती ओळ एका सुंदर कागदावर लिहिली आणि सवयीप्रमाणे तपासायला घेतली.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मुद्रित तपासताना कुणी हाक मारली, तर जिथवर वाचलं त्या अक्षराच्या डोक्यावर आम्ही एक टिंब देतो. परत आलं की तिथून पुढे. छापखान्यात ते शिसपेन्सिलीने द्यायचं आणि मग खोडून टाकायचं. ही सवय इतकी हाडात मुरलेली की मी जेवताना हाक आली तरी घासावर बोट टेकवून उठतो.

मी 'पाणी हवं तर खाण' इथवर आलो आणि विहिरीतून धाकटीची हाक आली. "दादा, मोटर लावलीस का रे? इकडे नुसता चिखल येतोय!"

मी उठलो. मोटर बंद केली आणि विहिरीवर गेलो. पलीकडून तीही वाकली होती. पूर्वी असं वाकलं की खाली पाण्यात दोघांचे चेहरे शेजारीशेजारी दिसायचे. आता खाली नुसता अंधार होता.

"घोषणा काय ठरली?" तिने विचारलं.

मी सांगितली. 

"दादा, नुसतं 'पाणी हवं' एवढंच लिही ना. पुढचं राहू दे."

"अगं, ते अर्धं वाक्य होईल."

"होऊ दे की अर्धं."

"अपूर्ण वाक्य मी कधी छापू दिलेलं नाही," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला फक्त व्याकरणच दिसत होतं. तिला काय म्हणायचंय हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो, पण न कळल्यासारखं करण्याइतका होतो. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. मी परत आलो तर न्हावी दारात उभा, फ्लेक्सचं दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून घाईत. मी कागद गुंडाळून त्याच्या हातात दिला.

न्हाव्याने निवडणूक कार्यालयातून नमुना मंजूर करून घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनमास्तरांनी दारावर थाप मारली. "लवकर चला, जरा घोळ झालाय." रेल्वेच्या माणसाने जरा घोळ म्हटलं की समजावं, डबे रुळावरून उतरलेत. चौकात आलो. माझं अक्षर, माणसाएवढं मोठं, फ्लेक्सवर छापलेल्या निळ्या आकाशावर झळकत होतं. 'पाणी हवं तर खाणं बंद!' ण च्या डोक्यावर बशीएवढं टिंब. आणि खाली, 'निशाणी : कढई'.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. विहिरीचं तर आधीच पळालं होतं.

मी तडक फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने माझाच कागद माझ्यापुढे धरला. टिंब माझंच होतं, माझ्याच शाईचं, अगदी सुबक. तो म्हणाला, "तुम्ही एवढे जाणकार, तुमच्या मजकुराला हात लावायची आमची छाती आहे का? मला वाटलंच जरा वेगळं. पण म्हटलं, यात काहीतरी खोल अर्थ असणार." ज्या माणसाने उभ्या जन्मात लोकांच्या अनुस्वारांवरून लोकांना टोचलं, त्याच्यावर हा अनुस्वार उलटावा! मला त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. त्याने पाणी दिलं. ते बाटलीतलं होतं.

दुपारपर्यंत गाव पोट धरून हसत होतं. खानावळवाल्यांचं शिष्टमंडळ आलं आणि त्यांनी विचारलं की बंदी पूर्ण आहे की फक्त रात्रीच्या जेवणावर. साखरेच्या आजाराच्या डॉक्टरांनी रस्त्यात थांबवून हात हातात घेतला आणि म्हणाले, "इतकं स्पष्ट बोलणारा राजकारणी मी पाहिला नाही." न्हाव्याचं मत असं की जे झालं ते झालं, प्रसिद्धी तरी मिळतेय. स्टेशनमास्तरांचं मत की चूक जाहीर करावी, पण सविस्तर, म्हणजे गोंधळ उरत नाही. त्यांनी कर्णा घेऊन वस्तीतून घोषणा केली, "खाणं म्हणजे खाण, खाणं नव्हे!" त्यानंतर ज्यांना कळलं होतं त्यांनाही कळेना.

टिंब काढायचं ठरवलं. निवडणूक कार्यालयात गेलो. अधिकारी म्हणाले, "फलकाचा नमुना टिंबासकट मंजूर झालाय. आता बदल करायचा तर अर्ज द्या, टिंब का काढायचं त्याच्या कारणांसह."

"कारण ते चुकून पडलंय."

"म्हणजे तुम्ही चुकीचा नमुना सादर केला, असं लेखी देताय?"

मी अर्ज मागे घेतला. मग स्टेशनमास्तर शिडीवर चढले आणि त्यांनी टिंबावर निळा रंग लावला. निळा जरा गडद होता. टिंब झाकलं, पण त्याच्या जागी निळा डाग आला आणि तो ओघळत खाली ण च्या पोटात शिरला. लांबून असं वाटायचं की त्या अक्षराला कुणीतरी मारलंय. मी म्हटलं, आता कशालाच हात लावू नका. गावभरच्या बाकीच्या फलकांवरची टिंबं जशी होती तशी राहिली.

कंत्राटदारांची सभा मैदानावर झाली. मी गेलो नव्हतो, पण ध्वनिवर्धकाला भिंती अडवत नाहीत. "आमचे विद्वान मित्र म्हणतात, खाणं बंद करा! आम्ही म्हणतो, खा, प्या आणि नळावर शिक्का मारा! घरोघरी नळ देऊ!" टाळ्यांचा कडकडाट. नळात पाणी कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. मी घरात दिवा न लावता बसून होतो. अपमान झाला की माणसाला अंधार बरा वाटतो. बायको चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "एवढं काय? तुमच्यामुळे लोक कधी नव्हे ते हसले. ते काय कमी आहे?" तिचा सूर चिडवण्याचा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मेहुणे आले. पाळी संपवून तसेच आले होते, पापण्यांवर कोळसा. आमच्या अंगणात, विहिरीच्या काठावर बसले.

"दादा, लोक हसतायत म्हणून मनाला लावून घेऊ नका."

"चूक माझीच हो, मेहुणे. टिंब..."

"आमच्या खाणीच्या फाटकावर कुणी हसलं नाही," ते म्हणाले. "तिथे पण तुमचा फलक लागलाय. पाळी सुटली, सगळे उभं राहून वाचत होते. टिंब चुकलंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दामच तसं लिहिलंय. पाणी हवं तर आमचं खाणं बंद. तसंच आहे ना ते?"

 इतके दिवस मी शरमेने मरत होतो ते एका अनुस्वारासाठी, आणि ते वाक्य अनुस्वारासकट खरं होतं. मला फार वाईट वाटलं. चुकीपेक्षाही ती चूक नव्हती याचं वाईट वाटलं.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पाणी मी रोज बघतो, दादा. खड्ड्याच्या भिंतीतून झिरपत असतं. निघतं तेव्हा काचेसारखं असतं. डंपर खाली उतरवताना वाटतं, हे आपल्या विहिरीचंच. हिने कपडे धुवायचं, तुम्ही तोंड धुवायचं. मग ते तळाशी साचून काळं होतं आणि पंपाने ओढ्यात फेकतात."

"मग मी काय करू, सांगा."

"मला नका विचारू. मला दोन्ही हवंय." ते उठले, काठावर त्यांच्या बसण्याचा काळा ठसा राहिला होता तो हाताने पुसायला गेले आणि आणखी काळा केला. "मी इथे आलो होतो हे हिला नका सांगू," म्हणून गेले. ती पलीकडे भांडी घासत होती. सगळं विहिरीतून तिला ऐकू गेलं असणार, पण भांड्यांचा आवाज थांबला नाही.

मतदान झालं. निकालाचं वर्णन करत नाही. डिपॉझिट गेलं एवढं सांगितलं म्हणजे पुरे. स्टेशनमास्तर म्हणाले की गाडी चुकली तरी स्टेशन कुठे जात नाही, पुढच्या वेळी बघू. न्हाव्याने फुकट दाढी करून दिली. कंत्राटदार नगरसेवक झाले आणि पहिल्याच बैठकीत ना-हरकत दाखला निघाला. पाणीखात्याची हरकत नव्हती आणि जमीनखात्याचीही नव्हती.

नवा खड्डा उघडला. आणि आता खरी मौज ऐका. मौजच म्हणायची, दुसरा शब्द मला इतक्या वर्षांच्या नोकरीत सापडलेला नाही. नव्या खड्ड्याबरोबर नवी यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर त्यांची माणसंही आली, बाहेरची, कंत्राटावरची. एक डंपर पूर्वीच्या चार डंपरांइतका. जुन्या ड्रायव्हरांना कंपनीने आभाराचं पत्र दिलं. मेहुण्यांनी ते मला दाखवलं. त्यात चूक नव्हती. मी दोनदा वाचलं, एकही नव्हती.

लांबवर दुसऱ्या एका खाणीत मेहुण्यांना काम मिळालं. सामान टेम्पोत भरायचं होतं. मी आणि मेहुणे कपाट उचलत होतो. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, एका बाजूला ते, एका बाजूला मी, आणि दोघांनाही हलता येईना. तेवढ्यात कपाटाच्या पलीकडून त्यांचा आवाज आला. "दादा, मत तुम्हालाच दिलं होतं. कढईला. हिला बोलू नका, नाहीतर मला खरंच उपाशी ठेवेल." मी म्हटलं, "जरा डावीकडे घ्या."  कपाट निघालं, पण त्याचा एक पाय तिथेच राहिला.

दुपारी धाकटी शेवटचं म्हणून आमच्याकडे आली. बायकोने तिला पोळपाटापासून पांघरुणापर्यंत काय काय बांधून दिलं होतं. बायको आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"कशाला रागावू?"

"मी तुला मत नाही दिलं. नळावर दिलं. म्हटलं, यांची नोकरी तरी राहील." तिचा चेहरा लहानपणी काही फोडलं की व्हायचा तसा झाला. "नोकरी पण गेली. विहीर पण जाणार. निदान तुला तरी द्यायला हवं होतं रे."

"बरं केलंस," मी म्हटलं. "तुझ्या जागी मी असतो तर मीही नळावरच दिलं असतं." मेहुण्यांचं मला सांगता येत नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझे डोळे भरले म्हणून मी टेम्पोच्या दोऱ्या तपासायला गेलो. दोऱ्या नीट होत्या. सोडून पुन्हा बांधल्या.

ते गेले तेव्हा विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं. नंतर ओल राहिली, मग तीही गेली. पालिकेचा टँकर येतो. आम्ही पिंप भरून ठेवतो आणि दिवसभर त्याच्याकडे बघून वापरतो. पलीकडचं घर बंद आहे. मी सकाळी विहिरीवर जातो, पण बोलायचं कुणाशी?

परवा धाकटीचा फोन आला. बायकोने मोठ्या आवाजावर लावला. नवी जागा बरी आहे म्हणाली. मेहुण्यांना इथल्यापेक्षा लहान डंपर मिळालाय, त्यामुळे ते रुसलेत. नळाला पाणी येतं, पण त्याला चव नाही. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिने विचारलं, "विहिरीला पाणी आहे ना रे?"

"आहे की," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगं, आहे. पूर्वीइतकं नाही. पण आहे."

"मग बादली सोड ना एकदा. मला आवाज ऐकायचाय."

मी बायकोकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती. मी फोन घेऊन अंगणात आलो, रहाटाला हात घातला, दोर सोडायला लागलो. रहाट करकरला. एवढं तरी खरं होतं. दोर पुष्कळ जाणार होता आणि खाली दगड होता. मी दोर मध्येच धरून उभा राहिलो.  तेवढ्यात बायको मागून आली. तिच्या हातात पिंपातली भरलेली कळशी होती आणि दुसऱ्या हातात रिकामं घंगाळ. तिने घंगाळ फोनजवळ ठेवलं आणि कळशी त्यात ओतली. एकदम नाही, थांबून, बादली पाण्यात कलंडून भरते तशी. आमच्या दिवसाचं पाणी होतं ते. अर्धं बाहेर उडालं, अंगणातल्या मातीने लगेच पिऊन टाकलं.

 मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही.

मग धाकटीचा आवाज आला, अगदी हळू. "दादा, वहिनीला म्हणावं, पुरे. टँकरचं पाणी आहे, असं सांडू नका."